दोन खणांचं पाकीट

जानेवारीत पावसाचं ढाणकीत काही काम नसतं. पण त्या साली तो आला, तोही बाजाराच्या दिवशी, भर दुपारी… आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्यांवर ताडपत्र्या ओढायची एकच धांदल उडाली. ज्याला जे छप्पर सापडलं त्यात तो शिरला. एक उंच, सडपातळ तरुण ‘मुख्तार सीट कव्हर’ अशी पाटी असलेल्या टिनाखाली घुसला आणि त्याच्या अंगावरचं पाणी फरहानासमोर पसरलेल्या चामड्यापर्यंत ओघळत गेलं.

“जरा मागं सरका,” ती मान वर न करता म्हणाली. “चामडं भिजून राह्यलं.”

तो मागे सरकला. मागे म्हणजे थेट पावसात. तेव्हा मात्र तिला मान वर करावी लागली.

“इतकं मागं नोहतं सांगतलं.”

“तुमीच तं म्हणलं.”

“मी चामड्याचं म्हणलं. म्हणून माणूस काय भिजत उभा राह्यते?”

“राह्यते कधीकधी,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या आधी मिटायचा. हे इतक्या लवकर आपल्या लक्षात का यावं, याचा फरहानाला जरा रागच आला.

तो आत आला. आधी त्याने खिशातून पाकीट काढलं, शर्टाची कोरडी बाही शोधून ते दोन्ही बाजूंनी पुसलं, उघडून आत पाहिलं आणि मगच स्वतःचं तोंड पुसलं. फरहानाच्या हातातली चामडं टोचायची आरी थांबली. पाकीट गडद चॉकलेटी होतं, कोपऱ्यात बारीक सोनेरी शिक्का. ते पाकीट तिने पाहिलं होतं. नांदेडच्या रद्दीत.

फरहानाला अठ्ठाविसावं सरत होतं आणि त्याबद्दल बोलणंही आता लोकांनी सोडून दिलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. मोठी बहीण रुबीना नांदेडला एका रद्दीवाल्याच्या घरी दिलेली. बाप, मुख्तार, दुकानात स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची ख्यालीखुशाली विचारायचा. हाताला कंप सुटल्यापासून सुई त्याच्या बोटांत टिकत नव्हती. मोटरसायकलच्या सीटा, दप्तरांच्या चेन, बॅगांचे बंद, सगळं फरहानाच्या अंगावर. खरं तर दुकान आजोबांचं, बैलांच्या पट्ट्यांचं. पोळ्याला बैलाच्या गळ्यात मिरवायचे ते घुंगरांचे, कवड्यांचे पट्टे. दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि आरी, एवढ्यावर म्हाताऱ्याने जन्म काढला आणि जाताना ते सगळं नातीच्या बोटांत ठेवून गेला. पण पट्टे शिवून घ्यायला आता बैल कोणाकडे उरले होते? कापसाने दोन-तीन वर्षांत असा काही दगा दिला होता, की गावातल्या निम्म्या दावणी रिकाम्या पडल्या होत्या. जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणाने, म्हणून चहाच्या हॉटेलात पेपर कोणी मोठ्याने वाचत नसे.

मग शिकलेल्या बोटांनी करावं काय? फरहाना पाकिटं शिवायची. रुबीना माहेरी येताना रद्दीतली जाड, गुळगुळीत मासिकं आणायची. त्यात विलायती कंपन्यांच्या पाकिटांच्या पानभर जाहिराती असत. काळ्या मखमलीवर एकच पाकीट, बाकी पान रिकामं. त्या कंपन्यांची नावं फरहानाला धड उच्चारता येत नसत. खाली छापलेली किंमत पाहून रुबीना म्हणायची, एवढ्यात तर बैलजोडी येईल. पण फरहानाला किमतीचं काही नव्हतं. तळहाताएवढ्या वस्तूवर कोणीतरी इतका जीव लावला आहे, कडा घासून-घासून काचेसारखी केली आहे, प्रत्येक टाका शेजारच्या टाक्याइतकाच तिरपा आहे… हे पाहून ती त्या पानावरून बोट फिरवत राहायची. आणि एवढं करून ती वस्तू जायची कुठे, तर कोणाच्या तरी खिशात, दिवसभर त्याच्या अंगाशी. तो माणूस बोटांनी चाचपून पाहणार, आहे ना जागेवर. आपल्याला असं कोणी कधी चाचपून पाहिलं नाही, हे फरहानाच्या मनात येऊन जायचं आणि ती पान उलटायची.

तिच्या ड्रॉवरमध्ये अशी अकरा पाकिटं पडून होती. त्यातली सहा तर नुसती कार्डं ठेवायची, पाच-पाच खणांची. ढाणकीत कार्ड म्हटलं की रेशनचं, आणि ते कशात मावतं? पण ती शिवत राहायची.

“पाहू,” तिने हात पुढे केला.

त्याने पाकीट देताना जरा वेळच लावला. “परदेशी हाये. आदिलाबादले शेठच्या कापसाच्या जिनिंगमधी फिटर होतो मी, सात वर्सं. मागच्या साली जिनिंग बंद पडली तवा जाताना शेठनं आपल्या हातानं देल्लं. म्हणे, सैफ, हे मी विमानातून आणलं, तुह्या खिशात शोभन.” मग त्याने घडीजवळची उसवलेली जागा दाखवली. बोटभर शिवण सुटली होती. “एवढं शिवून द्या. पण… जास्त खोलू नका. वरच्यावरच.”

“वरच्यावर शिवलं तं वरच्यावरच टिकन. पुढच्या बाजारी या.”

“आठ दिवस?” त्याचा हात आपोआप रिकाम्या खिशाकडे गेला.

“खाऊन नाही टाकत मी.”

“तुमचा नाही, माहा भरोसा नाही,” तो म्हणाला. “आठ दिवसांत आठ चकरा होतीन.”

पाऊस थांबला होता. मुख्तार स्टुलावरून उगाच खाकरला.

घरी बापलेकीची बोली वेगळी असली, तरी दुकानात मुख्तार फरहानाशीही वऱ्हाडीतच बोलायचा. गिऱ्हाइकाला आपलं बोलणं कळलं पाहिजे, ही त्याची शिस्त. त्याच शिस्तीत तो म्हणाला, “पोरगा चांगला वाटते. पण पाकिटाले इतकं जपणाऱ्याले दुसरं काही जपाले नसते, बेटी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फरहानाने शिवण उलगडली. कितीतरी वर्षं चित्रात पाहिलेली वस्तू आज हाताखाली होती. पण चार टाके निघाले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. टाके मशीनचे होते, घाईचे. कडा घासलेली नव्हती, नुसता रंग फासला होता. चामड्याचा पातळ पापुद्रा तिने उचलला, तर आत पुठ्ठा. बिस्किटांच्या खोक्याचा साधा पुठ्ठा, त्यावर निळी-पिवळी छपाईसुद्धा तशीच.

तिने पुठ्ठा उजेडात धरला. सात वर्षं… आणि त्याच्या बदल्यात हे. शेठला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. पण तो बाहीने पाकीट पुसणारा माणूस, आधी पाकीट आणि मग तोंड, त्याला हे सांगायचं कसं? सांगितलं तर तो पुन्हा या छपराखाली पाऊल ठेवणार नाही. लाज वाटलेला माणूस लाज पाहणाऱ्याच्या दारात येत नाही, एवढं तिला कळत होतं. आणि तो यावा असं तिला वाटत होतं. एका दिवसात वाटायला लागलं होतं, त्याला ती तरी काय करणार.

आजोबांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या वस्तूतून जे काढलं ते त्याच्या हातात परत द्यायचं. तुटकी चेन असो, कुजलेला पट्टा असो. फरहानाने हा नियम पहिल्यांदा मोडला. पुठ्ठा तिने ड्रॉवरच्या तळाशी सरकवला. आजोबांच्या शिल्लक मालातलं बकरीचं मऊ, पातळ कातडं काढलं, मापात कापलं आणि पाकिटाच्या पोटात बसवलं. मग सगळ्याच शिवणी उसवल्या आणि दोन सुयांनी पहिल्यापासून शिवायला घेतलं. कडा मेण लावून घासली, कापडाने घासली, पुन्हा घासली. सहा दिवस ती सीटा बाजूला ठेवून तेवढंच करत होती. शेवटचा टाका मारून दोरा तोडला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो टाका लाल दोऱ्याने मारला गेला आहे. आजोबांच्या पट्ट्यांचा शेवटचा टाका लाल असायचा. पोळ्याच्या गर्दीत लांबूनही आपलं काम ओळखू यावं म्हणून. हाताला वळणच पडलेलं. काढावा का? पण टाका घडीच्या आत, कोपऱ्यात होता. कोण पाहतंय, म्हणून तिने राहू दिला.

सैफ आला. पाकीट हातात घेऊन त्याने ते मिटलं, उघडलं, परत मिटलं.

“हलकं झालं,” तो हळूच म्हणाला.

“जुनं चामडं… हवा लागली की मोकळं होते,” फरहाना म्हणाली. आयुष्यात इतकं वाईट खोटं ती कधी बोलली नव्हती.

त्याने तिच्याकडे पाहिलं. काही विचारील असं वाटलं, पण त्याने पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं, डाव्या बाजूच्या, आणि वरून बोटांनी चाचपलं. फरहानाने मान खाली घातली.

मग तो येत राहिला. गावाबाहेरच्या लहानशा जिनिंगमध्ये तो त्या हंगामापुरता लागला होता. कापूस ओढणाऱ्या रोलरवर चामड्याच्या चकत्या असतात. झिजून काढलेल्या चकत्यांतल्या त्यातल्या त्यात धड चकत्या निवडून तो तिच्यासाठी आणायचा. दुसऱ्या कोणी गजरा आणला असता. फरहानाला चकत्या बऱ्या वाटायच्या. ती त्याला ड्रॉवरमधली पाकिटं दाखवायची.

“पाच खण?” तो एकदा म्हणाला. “लोक पाच खणात ठेवतात काय?”

“पाच कार्डं.”

“माह्याजवळ एकही नाही. राजूरले बाबा खाणीत होते तवा क्वार्टर होतं. ते गेले, आई गेली, क्वार्टरही गेलं. मंग आदिलाबादले जिनिंगच्या खोलीत, आता इथल्या जिनिंगच्या खोलीत. कार्डावर पत्ता लागते ना? पत्ता कोणता देऊ? हंगाम?” तो हसत म्हणाला, पण या वेळी डोळा मिटला नाही.

“मंग खिशात नुसतं पाकीटच ठेवता?”

“पाकीट तं हाये. कोणीतरी आपल्याले समजून देल्लं, एवढं तरी खिशात हाये.”

फरहानाने ड्रॉवर बंद केला. तळाशी पुठ्ठा होता. त्या दिवशी सांगून टाकावं असं तिला फार वाटलं… पण तो निघताना “उद्या येतो” म्हणाला, आणि त्या ‘उद्या’साठी ती गप्प बसली.

फेब्रुवारी संपत आला. कापसाची आवक अर्ध्यावर आली होती, जिनिंग दिवसाआड चालायची. एका दुपारी सैफ आला तो आत न येता उंबऱ्याशीच उभा राहिला. मुख्तार नमाजाला गेला होता.

“पंजाबराव वळखता?” त्याने विचारलं.

पंजाबराव म्हणजे आजोबांचं जुनं गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी खिल्लारी जोडी विकली तेव्हापासून म्हातारा रोज हॉटेलात बसून असायचा.

“हॉटेलात मी पाकीट काढलं. कोणी म्हणे पाहू, कोणी म्हणे पाहू. फिरत-फिरत त्याहीच्या हातात गेलं. त्याहीनं घडी उलटवली, चष्मा लावला, आन् म्हणतात कसे, कायचं परदेशी रे बावा, हा तं मुख्तारच्या बापाचा लाल टाका. माह्या बैलाच्या गळ्यात होता असाच.” तो थांबला. “लोक लय हसले.”

फरहाना उठून उभी राहिली होती. मांडीवरची सुई खाली पडली.

“सगळं पाकीट तुमी शिवलं?”

“होय.”

“आत काय होतं?”

तिने ड्रॉवर ओढला, तळातून पुठ्ठा काढला आणि त्याच्या हातात ठेवला. निळी-पिवळी छपाई उन्हात भलतीच ताजी दिसत होती. सैफने तो पालथा केला, सुलटा केला.

“शेठले बी मालूम नसन कदाचित,” ती म्हणाली.

“त्याहीले कापसाच्या ढिगात हात घातला की ओल किती ते समजते.” त्याचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. “मले बी मालूम होतं. शिवण उसवली तवा आत पुठ्ठा दिसला होता. रोलरच्या चामड्यात काम करतो मी, मले कळत नाही काय? म्हणूनच तं म्हणलं, जास्त खोलू नका. झाकून द्या म्हणत होतो मी… तुमी पाह्यलं.”

“मी तं…”

“तुमी पाह्यलं, आन् महिनाभर मले बोलू देल्लं. शेठनं असं देल्लं, शेठ असं म्हणे. ऐकून राह्यलात.”

“मले वाटलं, सांगतलं तं तुमी येणार नाही.” तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. “मले तुमी याले पाह्यजे होते.”

सैफने पुठ्ठा घडी करून खिशात ठेवला, पाकिटाच्या शेजारी. उंबऱ्यावरून तो खाली उतरला आणि भर उन्हातून चालत गेला. मागे वळून पाहील म्हणून ती बराच वेळ उभी होती. पाहिलं नाही.

आठवड्याभरात जिनिंग बंद झाली. मालकाने कुलूप लावलं, फिटर लोक पांगले. सैफ कुठे गेला हे विचारायला फरहानाला कोणी नव्हतं, आणि कोणी असतं तरी तिने विचारलं नसतं. उन्हाळा आला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. ती सीटा शिवायची, बापाला औषध द्यायची, संध्याकाळी टिनावरची धूळ झाडायची. रुबीना नवीन मासिकं घेऊन आली, तर फरहानाने ती उघडलीही नाहीत. त्या चकचकीत पाकिटांत काय असेल, अशी शंका आता आधी यायची. रोलरच्या चकत्या मात्र तिने दोऱ्यात ओवून खिळ्याला लावून ठेवल्या होत्या. वारा आला की त्या एकमेकींवर आपटायच्या आणि ती उगाच दाराकडे बघायची.

“एक दिवस सगळेच सांगतात,” मुख्तार एकदा म्हणाला. “तू वेळेवर नाही सांगतलं, एवढंच. खोटं काम नाही केलं तू.”

“आज्याचा नियम मोडला, अब्बा.”

“मोडला. मंग आता काय माहा हात धरून रडत बसतं?” आणि आपला थरथरता हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला. फरहाना खरोखरच रडली.

मृग गेला, आर्द्रा गेली. लोकांनी उसनंपासनं करून पुन्हा कापूसच पेरला. पोळा चार दिवसांवर आला, तेव्हा बाजारात रंग, झुली, गोंडे दिसायला लागले, पण गिऱ्हाईक तुरळक. अशा एका दुपारी दारात घुंगरं वाजली. फरहानाने मान वर केली. खांद्यावर बैलांचे दोन जुने पट्टे टाकून सैफ उभा होता.

“पंजाबरावांनं धाडलं,” तो म्हणाला. “पट्टे वाळून राह्यले. तेल लावून, तुटलं ते शिवून द्या म्हणे.”

“त्याहीच्याजवळ बैल कोठी हायेत?”

“नाहीत. पण म्हणतात, पोळ्याले पट्टे तरी उजेडात आले पाह्यजेत.” तो आत आला आणि पट्टे तिच्यासमोर ठेवले. “त्याहीच्या गोठ्यात राह्यतो मी. रिकामाच होता. भिंत बांधली, दार बसवलं, सारवून घेतलं. हॉटेलात हसले ना, तवा सगळे हसले. ते एकटे उठून माह्यामागं आले. म्हणे, बावा, त्या पोरीचा आजा कोणाच्या बी बैलाले लाल टाका नोहता घालत, काम मनासारखं झालं तरच घाले.”

हे फरहानाला माहीत नव्हतं. आजोबांनी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. ती स्टुलाकडे बघायला लागली. मुख्तार बाजाराकडे तोंड करून बसला होता, पण त्याने मान हलवली. होय.

“मार्चपासून इथंच होते?” तिने विचारलं.

“ट्रॅक्टरं दुरुस्त करून राह्यलो, उमरखेड रोडले. इथं याले लाज वाटे. रोज अर्ध्या रस्त्यापर्यंत येओ.”

“मंग आज?”

त्याने खिशातून पाकीट काढलं. तेच, चॉकलेटी, आता वापराने जरा काळवंडलेलं, पण कडा अजून चमकत होती. त्यातून त्याने एक कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. मतदार ओळखपत्र, कोरं, प्लास्टिकचा वास अजून न गेलेलं. फोटोत त्याचा चेहरा घाबरल्यासारखा दिसत होता.

“पत्ता वाचा.”

तिने वाचला. घर क्रमांक, मग पंजाबरावांची गल्ली, मग ढाणकी. तिने तो पुन्हा वाचला.

“काल भेटलं. माह्या जन्मातलं पयलं कार्ड,” सैफ म्हणाला. “शेठनं सात वर्सं काम पाह्यलं आन् पुठ्ठा देल्ला. तू मले एक दिवस पाह्यलं, तेही पावसात, आन् पुठ्ठा काढून तठी कातडं घातलं. मी सहा महिने हेच घोकून राह्यलो. राग तुह्यावर नोहता… राग याचा होता का मले कोणी इतकं जपलं आन् मले जपून घ्याचीही सवय नोहती.”

तो ‘तू’ म्हणाला होता. त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण तिच्या आलं, आणि स्टुलावरच्या मुख्तारच्याही आलं असावं, कारण तो बाजारात कोणीतरी हाक मारल्यासारखा उठला आणि बाहेर गेला. त्याला कोणी हाक मारली नव्हती.

“कार्ड या मोठ्या पाकिटात हरवते,” सैफ म्हणाला. “कार्डासाठी वेगळं पाकीट पाह्यजे. शिवून देशीन?”

“ड्रॉवरमधी सहा पडले हायेत.”

“ते पाच खणांचे. एवढे खण भराले मले जन्म लागन. दोन खणांचं पाह्यजे.”

“एका खणात हे,” ती कार्डाकडे बघत म्हणाली. “दुसऱ्यात?”

“दुसऱ्यात ज्याच्या त्याच्या मर्जीनं येते. आज रिकामा राह्यला तरी चालन. पण जागा असली पाह्यजे.”

फरहानाने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. कार्ड परत देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि दोघांपैकी कोणीही ती लगेच मागे घेतली नाहीत. माझं कार्ड रुबीनाच्या निकाहाच्या साली काढलं होतं, त्यातला फोटो फार वाईट आहे, असं काहीसं ती पुटपुटली. तो म्हणाला, माझ्या फोटोशेजारी चालेल. मग तिने खिळ्यावरची माळ काढली, त्यातली सगळ्यात धड चकती निवडली, दोन सुयांत दोरा ओवला आणि मेण घेतलं.

पंजाबरावांचे पट्टे तिच्या गुडघ्याशी पडले होते, घुंगरं मधूनच किणकिणत होती. सैफ समोर पोत्यावर टेकला.

“लाल टाका कधी घालतं?” त्याने विचारलं.

“सगळ्यात शेवटी. काम मनासारखं झालं तं.”

“मंग घाई करू नको,” तो म्हणाला. “मी थांबतो.”